गुरुवारचं वजन

आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. सगळ्या जगाचा रविवार असला तरी आमच्याकडे गुरुवारी कंपन्या बंद, आणि माणसं दळणाचे डबे घेऊन माझ्या दारात. मी सुमन. चाकणहून राजगुरुनगरला जाताना रस्त्यापासून थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. तिथं यशवंतरावांच्या इमारतीत खाली माझी पिठाची गिरणी आहे. धाराशिवकडून नवऱ्यामागं इथं आले त्याला एकोणीस वर्षं झाली. लोक म्हणतात, गिरणीपेक्षा सुमनताईंचं तोंडच जास्त दळतं. म्हणोत. माझा काटा खरा आहे आणि तोंडही खरं आहे, दोन्हींचा लोकांना त्रास होतो.

यशवंतरावांना सगळं गाव आप्पा म्हणतं. वय अडुसष्ट. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, आणि टोपीच्या खाली नाकावर कायम राग. त्यांची जमीन कंपनीत गेली. रस्त्यापलीकडच्या निळ्या पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवून ते नव्या भाडेकरूला सांगायचे की त्या शेडखाली माझी विहीर हाय, आणि भाडेकरू बिचारा मान हलवायचा. जमिनीच्या बदल्यात त्यांनी बावीस खोल्या बांधल्या. बायको, शालनबाई, लेक सातवीत असतानाच वारली. तिच्यामागं पोरीची वेणी आप्पांनी स्वतः घातली. इतकी वाकडी घालायचे की शाळेत जाताना पोरगी माझ्या गिरणीत शिरायची आणि मी पिठाच्या हातानं ती नीट करून द्यायची. पण एक दिवस त्या माणसानं वेणी चुकवली नाही, हेही खरं.

त्या पोरीचं नाव इंद्रायणी. मोठी झाल्यावर चाकणलाच एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागली, पहिल्या शिफ्टला. साडेतीनला कंपनीची बस तिला फाट्यावर सोडायची आणि चारच्या ठोक्याला बापलेक दारात बसून चहा-खारी खायचे. एकदा ती मैत्रिणीकडून ओढणीत गुंडाळून एक पिल्लू घेऊन आली. पांढरं, केसाळ, पामेरियनसारखं. आप्पांनी दोन दिवस आरडाओरडा केला की घरात कुत्रं चालणार न्हाई. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच त्याच्यासाठी दूध कोमट करत होते. पिल्लू लवंगी मिरचीसारखं, एवढंसं आणि झोंबणारं, म्हणून इंद्रायणीनं तिचं नाव मिरची ठेवलं.

पुढचं सांगताना मला अजून राग येतो. सहा नंबरच्या खोलीत लातूरकडचा प्रज्वल राहायचा. कामाला चोख, बोलायला मऊ, दळणाला आला तर रांग न मोडणारा. इंद्रायणीनं त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं आणि लपूनछपून नाही, बापासमोर उभं राहून सांगितलं. आप्पा म्हणाले, माझ्या खोलीत राहणाऱ्या भाडेकऱ्याला मी माझी पोरगी देऊ काय. पोरात दुसरी खोट नव्हती. त्याचा गुन्हा एवढाच की तो महिन्याच्या महिन्याला आप्पांच्या हातावर भाडं ठेवायचा. दोघांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि कासारवाडीला खोली घेतली. पंधरा दिवसांनी इंद्रायणी मिरचीला न्यायला आली. आप्पांनी दार उघडलं नाही. आतून म्हणाले, कुत्रं ह्या घराचं हाय, घराबरोबर राहील. आत मिरची दाराला नखं लावून रडत होती, बाहेर ही उभी. अर्ध्या तासानं ती खाली आली, माझ्या वहीत स्वतःचा नंबर लिहिला आणि म्हणाली, आप्पांना काही झालं तर कळवा. मग गेली.

त्यानंतर चार वर्षं तशीच गेली. चाकणचा हा रस्ता सरळ जाऊन नाशिक फाट्याला, म्हणजे कासारवाडीलाच लागतो. एकाच रस्त्याच्या दोन टोकांना बापलेक राहत होते. आप्पा कधी काही कामानं पिंपरीला जायचे तर नाशिक फाटा आल्यावर बसमध्ये मान दुसरीकडे करून बसायचे. हे त्यांनी मला सांगितलं नाही, माझा नवरा रोहिदास एकदा त्यांच्या शेजारच्या सीटवर होता.

तेव्हापासून घरात दोघंच, आप्पा आणि मिरची. "जेव" म्हणायला दुसरं कुणी उरलं नाही, म्हणून ते मिरचीला म्हणायचे. सकाळी दूध-भाकरी. दुपारी तूप लावलेली पोळी. चारला चहात बुडवलेली खारी, एक तिची आणि मग अजून एक. संध्याकाळी ताटातला अर्धा भात. माणसाला जेव जेव केलं तर माणूस कधीतरी पुरे म्हणतं. कुत्रं काय म्हणणार. चार वर्षांत लवंगी मिरचीची ढोबळी मिरची झाली. मान दिसेना, कंबर दिसेना. पायऱ्या चढताना चार पायऱ्यांना एकदा बसायची आणि खोकायची. येणारे-जाणारे हसायचे, काय आप्पा, खातं-पितं घर दिसतंय. आप्पांना त्यात मोठेपणा वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात एके सकाळी मिरची माझ्या गिरणीसमोर आडवी झाली. जीभ बाहेर, श्वास भात्यासारखा, आणि हिरड्या निळसर. आप्पा वरून धावत आले आणि रस्त्यातच गुडघ्यावर बसले. मी तिच्या अंगावर ओला फडका टाकला, रोहिदासनं रिक्षा आणली आणि आम्ही राजगुरुनगरला गेलो. तिथं मोनिका म्हणून एक तरुण डॉक्टरीण आहे, शेळ्या-मेंढ्यांपासून कुत्र्या-मांजरांपर्यंत सगळं बघते. तिनं ऑक्सिजन लावला, कुत्रीला वाचवलं, आणि मग आप्पांना समोर बसवून असं काही झापलं की मला फार बरं वाटलं.

मिरचीचं वजन भरलं दहा किलो चारशे ग्रॅम. डॉक्टरीण म्हणाली, हिच्या अंगावर जवळजवळ दुसरं एक कुत्रं चढवलंय तुम्ही. असंच राहिलं तर वर्षभरात हृदय तरी जाईल नाहीतर पाय. तिनं रक्त तपासायला घेतलं, थायरॉइड वगैरे काही नाही ना ते बघायला. पुढं ते स्वच्छ आलं. मग विचारलं, कुत्री पूर्वी किती किलोची होती, पिशवीचं ऑपरेशन झालंय का, लहानपणी काही दुखणं, औषधं. आप्पांना एकाही प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं. ते सगळं इंद्रायणी बघायची. डॉक्टरीण म्हणाली, मग मालकिणीला फोन लावा. आप्पा म्हणाले, नंबर न्हाई.

मी पर्समधून फोन काढला, वहीतून त्यात कधीच उतरवून ठेवलेला नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवला. आप्पांनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. पण तेवढ्यात पलीकडून हॅलो आलं आणि त्यांनी मान खाली घातली. चार वर्षांनी लेकीचा आवाज ऐकत होता तो माणूस. इंद्रायणीनं सगळं भराभर सांगितलं. सहा किलोची होती, ऑपरेशन दीड वर्षाची असताना केलंय, दुखणं काही नाही. मग थांबून विचारलं, ती जगेल ना? डॉक्टरीण म्हणाली, जगेल, पण सावकाशीनं घ्यावं लागेल. हिला सहावर, फार तर सव्वासहावर आणायचं, आणि आठवड्याला शंभर-दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त उतरवायचं नाही. दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी, उपाशीपोटी वजन करायचं, आणि तो आकडा मलाही कळवायचा, मालकीण म्हणून तुम्हालाही. काटा कोणाचा, हे सांगायला नकोच.

पहिल्या आठवड्यात आप्पांनी गोंधळ घातला. खाणं मोजून द्यायचं ठरलं होतं. डॉक्टरणीनं दिलेलं कोरडं खाणं सकाळी एक छोटी वाटी, संध्याकाळी एक वाटी, मधे लागलं तर काकडी, गाजर नाहीतर उकडलेल्या श्रावणघेवड्याच्या शेंगा. फिरायला सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं, मातीवरून, ऊन नसताना, आणि पायऱ्यांवरून मात्र उचलून न्यायचं. आप्पांना वाटलं, हे फार हळू चाललंय. एकादशी आली, तेव्हा त्यांनी स्वतःबरोबर मिरचीलाही उपवास धरायला लावला. दुपारपर्यंत तिला काहीच दिलं नाही. दुपारी ती थरथरायला लागली म्हणून घाबरून स्वतःच्या ताटातली साबुदाण्याची खिचडी दिली, दाण्याच्या कुटाची, तुपावर परतलेली. वर रताळ्याचा कीस. एकादशी, दुप्पट खाशी. गुरुवारी काट्यावर दोनशे ग्रॅम वाढलेले. डॉक्टरणीनं फोनवर सांगितलं की एवढ्याशा जिवाला उपाशी ठेवलं तर रक्तातली साखर उतरून ती जागेवर पडेल, देवाला असला उपवास पोचत नाही. आप्पा कान पाडून ऐकत होते.

तिथून पुढं ते शिस्तीला लागले. गुरुवारी सकाळी आठला, गर्दी व्हायच्या आत, आप्पा मिरचीला कडेवर घेऊन खाली यायचे. मी रिकामं प्लॅस्टिकचं क्रेट काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणायची, मग त्यात मिरची बसायची. पहिल्यांदा ती क्रेटभर व्हायची. मी गिरणी बंद ठेवून फोन लावायची आणि आप्पांच्या हातात द्यायची. पहिल्या गुरुवारी ते म्हणाले, "धा सहाशे." पलीकडून आलं, "बरं." फोन बंद. दुसऱ्या गुरुवारी, "धा साडेचारशे." "बरं." मला दोघांना एकेक लाटणं मारावंसं वाटत होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि पोरगीही त्याच सुंभाची.

पण वजन उतरायला लागलं तशी बोलणी वाढली. नऊ आठशे, शेंगा खाती. नऊ दोनशे, खोकला थांबला. आठ नऊशे, काल गावच्या फाट्यापर्यंत गेली आणि बसली न्हाई. इंद्रायणी विचारायची, नखं कापली का, केस कानामागं गुंततात ते विंचरता का. आप्पा म्हणायचे, इंचरतो की, मला काय इंचरता येत न्हाई व्हय. मला माहीत होतं, तिकडं तिला काय आठवत असेल. तिच्या वाकड्या वेण्या मी सरळ केल्या होत्या. पण कशी आहेस, असं आप्पांनी विचारलं नाही आणि तुम्ही कसे आहात, असं तिनं विचारलं नाही. सगळी माया त्या कुत्रीच्या कानामागच्या केसांत गुंतून राहिली होती.

आप्पा आता बुधवारी संध्याकाळीच दाढी करून ठेवायचे. गुरुवारी धुतलेली टोपी घालायचे. फोनवर टोपी दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी तोंडाची फाटकी असेन, पण काही गोष्टी मलाही कळतात.

पंचविसाव्या का सव्विसाव्या गुरुवारी आकडा होता सात तीनशे. आप्पा तो सांगत असताना पलीकडे एक लहान मूल रडलं. अगदी लहान नाही, वर्ष-दीड वर्षाचं असेल. इंद्रायणीनं फोन बाजूला धरून "आले गं बाई" असं म्हटलेलं आम्ही दोघांनी ऐकलं. मग ती घाईनं बरं म्हणाली आणि फोन ठेवला. आप्पा फोन हातात धरून तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, तू ऐकलंस का. मी म्हटलं, ऐकलं. ते म्हणाले, मुलगी असंल. मी म्हटलं, विचारा की पुढच्या गुरुवारी. ते मिरचीला घेऊन वर गेले.

पुढच्या गुरुवारी त्यांनी विचारलं नाही. आणि त्या गुरुवारपासून वजन उतरायचं थांबलं. सात तीनशे, सात साडेतीनशे, सात तीनशे, सात चारशे. सहा आठवडे, सात आठवडे, काटा तिथंच घुटमळतोय. डॉक्टरणीनं वाट्या मोजायला सांगितल्या, त्या बरोबर. फिरणं बरोबर. मग माझा संशय भाडेकऱ्यांवर गेला. बावीस खोल्यांत कोणीतरी माझ्या मिरचीला चोरून चारतंय, असं धरून मी सगळ्या मजल्यांवर फिरून दम दिला. चौदा नंबरच्या बायकोनं तर शपथ घेतली की तिनं महिनाभर बिस्किटाचा पुडाच आणला नाही. त्याच सुमारास मिरची मागचा उजवा पाय उचलून चालायला लागली. डॉक्टरीण म्हणाली, गुडघ्याची वाटी सरकतेय, वजन उतरलं तर सावरेल, वाढलं तर हा पाय कायमचा जाईल.

त्या आठवड्यात बुधवारी आप्पांचं दळण तयार होतं. एरवी ते डबा न्यायला येतात, पण मला काम नव्हतं म्हणून मीच चारच्या सुमाराला डबा घेऊन वर गेले. दार लोटलेलं होतं. आप्पा उंबऱ्याच्या आत खाली बसले होते, चहाची बशी पुढ्यात, आणि खारी बुडवून बुडवून मिरचीला भरवत होते. मी काही म्हणायच्या आत त्यांनी बशी मागं सरकवली. चोराच्या मनात चांदणं. मी डबा आपटून ठेवला आणि जे तोंडात आलं ते बोलले. भाडेकऱ्यांना मी चोर ठरवलं, डॉक्टरणीला तुम्ही फसवलं, आणि चोर इथं घरात टोपी घालून बसलाय. लाज कशी वाटत नाही, असंही म्हटलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग मिरचीच्या पाठीवरून हात फिरवत खाली बघूनच म्हणाले,

"सहावर आली की संपलं, सुमन. मंग कशाला फोन करायचा?"

मी तिथंच पायरीवर बसले. मला त्यांचा इतका राग आला होता आणि इतकं वाईटही वाटलं, की दोन्ही एकदम बाहेर येईनात. या माणसानं चार वर्षं लेकीचं नाव घेतलं नाही आणि आता तिचा आवाज आठवड्यातून दोन मिनिटं मिळावा म्हणून तो शंभर-शंभर ग्रॅम परत चढवत होता. मी शेवटी म्हटलं, "आप्पा, तुमच्या मानापायी तिचा गुडघा चाललाय. फोन करायला कुत्री लंगडी कशाला करता? बाप आहात, बापासारखा करा." ते म्हणाले, दार म्या लावलंय, आता कोणत्या तोंडानं. मी म्हटलं, ज्या तोंडानं खारी चारता त्याच.

त्या दिवसापासून खारी बंद झाली. चारला ते मिरचीला घेऊन खाली यायचे, मला चहा मागायचे आणि गिरणीच्या बाकावर बसून नुसता चहा प्यायचे. मिरची त्यांच्याकडे बघत राहायची, ते माझ्याकडे. मी गाजराचा तुकडा द्यायची. सात एकशे. सहा नऊशे. पाय टेकायला लागली. सहा सातशे. जसा आकडा उतरेल तसे आप्पांचे गुरुवार जड होत गेले. पूर्वी उड्या मारत खाली यायचे, आता आठचे सव्वाआठ करायचे. फोनवर मात्र आवाज चढवून सांगायचे, झकास हाय, पळती, पायऱ्या एका दमात चढती. रात्री झोप नाही हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसायचं.

मग तो गुरुवार आला. मिरची क्रेटच्या एका कोपऱ्यात अंग आवरून बसली आणि काट्यावर आलं सहा दोनशे. डॉक्टरणीनं आदल्या दिवशीच हात लावून बघितलं होतं, बरगड्या बोटाला लागत होत्या, कंबर दिसत होती. म्हणाली होती, आता हिला इथंच ठेवायचं, याखाली न्यायचं नाही. म्हणजे झालं होतं. मी फोन लावून दिला.

"सहा दोनशे," आप्पा म्हणाले. "डाक्टर म्हनल्या, झालं."

इंद्रायणी म्हणाली, छान झालं. मी जाळीवरचं पीठ झाडायचं सोंग केलं. मग इंद्रायणीच म्हणाली की आप्पा, एक सांगायचं होतं. प्रज्वलच्या कंपनीनं गुजरातला, साणंदला नवीन प्लांट काढलाय, त्याला तिकडं घेतलंय. मंगळवारी निघतोय आम्ही.

आप्पांनी विचारलं, कधी ठरलं. ती म्हणाली, दोन महिने झाले. आप्पा म्हणाले, मंग सांगितलं न्हाईस. ती रागावली नाही, नुसतं म्हणाली, "तुम्ही वजनाशिवाय काही विचारलंच नाही, आप्पा."

मी मनातल्या मनात हिशोब केला आणि आप्पांनीही केला असणार. खारी चारून जे सात-आठ आठवडे त्यांनी घालवले, तेच आता लेक लांब जायच्या आधी हातात असते. खारी चारली नसती तर मिरची केव्हाच सहावर आली असती आणि पुढचे दीड-दोन महिने इंद्रायणी वीस-पंचवीस किलोमीटरवर, याच रस्त्याच्या टोकाला होती. मला वाटलं, आता हा माणूस फोन ठेवून वर जाईल आणि दार लावेल. आप्पांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, "घराचा पत्ता सुमनला सांग." आणि फोन माझ्या हातात देऊन मिरचीला क्रेटमधून उचललं. वरून मिरचीची वाटी आणली, खाण्याची पिशवी आणली आणि पायात घरातल्या चपला तशाच ठेवून रिक्षात बसले. रोहिदास बरोबर जातो म्हणाला, त्याला नको म्हणाले.

संध्याकाळी पाचला ते परत आले. एकटेच. गिरणीच्या बाकावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन त्यांनी तुटक तुटक सांगितलं. घरात सगळी खोकी बांधलेली होती. प्रज्वलनं पाया पडून एकुलती खुर्ची त्यांना दिली. नात दीड वर्षाची आहे, ती यांच्या टोपीला घाबरली, पण मिरचीच्या गळ्यात पडली आणि मिरचीनं तिचं तोंड चाटलं. मग इंद्रायणी आतून आली, तशी मिरची पोरीला सोडून तिच्या पायात घुसली आणि असं काही रडायला लागली की शेजारचे बघायला आले. आप्पा म्हणाले, चार वर्सं म्या जीव लावला गं, पण माझ्यासाठी ती कवा अशी रडली न्हाई. मग वाटी कशी भरायची, शेंगा किती, फिरायचं किती, सगळं त्यांनी लेकीला समजावून दिलं. सव्वासहाच्या वर जाऊ द्यायची नाही, असंही सांगितलं. आणि मिरचीला तिथंच ठेवून उठले.

मी विचारलं, आणि ती काय म्हणाली. आप्पांनी टोपी हातात फिरवली.

"म्हनली, आप्पा तुमी बी चला. म्या म्हनलं, खोल्यांकडं कोन बघल." मग मला विचारलं, "चुकलं का गं?"

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तोंडावर काही बोलले नाही. चुकलं होतंच. ते त्यांनाही माहीत होतं, म्हणून तर विचारत होते.

मंगळवारी ते लोक गेले. पुढच्या गुरुवारी सकाळी आठला मी शटर उघडलं तर आप्पा बाहेर उभे. दाढी केलेली, टोपी धुतलेली, हात मोकळे. क्रेट मी सवयीनं काट्यावर ठेवलं होतं, ते त्यांनी बघितलं आणि मी ते उचलून बाजूला ठेवलं. म्हणाले, सहज आलो. बाकावर बसले. पाच मिनिटं गेली. रस्त्यावरून एकही कंपनीची बस नाही, गुरुवार म्हणून सगळं शांत. मी पट्टा चढवून गिरणी सुरू केली नाही. मी म्हटलं, लावा की फोन. ते म्हणाले, वजन तिकडं हाय, हितनं मी काय सांगू. मी म्हटलं, काही सांगू नका. सांगायचं काही नसतं, तेव्हाही माणसं फोन करतात.

त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. नंबर त्यांना पाठ होता. इतके महिने माझ्याकडून लावून घेत होते, पण पाठ होता. एकेक आकडा दाबून फोन कानाला लावला आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. पलीकडं तिनं उचलला असावा, कारण त्यांची पाठ एकदम ताठ झाली. ती घाबरून विचारत असेल की काय झालं, बरं नाही का, खोल्यांचं काही झालं का. आप्पा नुसतं न्हाई, न्हाई म्हणत होते. मग त्यांचा आवाज इतका बारीक झाला की गिरणी बंद होती म्हणूनच मला ऐकू आला.

"काय न्हाई गं," ते म्हणाले. "असाच केला."